साखळीतली सातवी

ही घटना खरी आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली.

तिच्या तोंडून मी ती दोनदा ऐकली, मध्ये महिना जाऊ देऊन. दोन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. मग त्या दिवशी तिथे असलेल्या दोन बायकांना वेगवेगळं गाठून विचारलं. जे जुळलं तेच लिहितोय. जुळलं नाही तिथे तसं म्हटलंय.

आणखी एक. भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही दुपारची आहे. गुरुवार, तीनचा खेळ. बाहेर लख्ख ऊन होतं.

ठिकाण म्हणजे एक पडद्याचं जुनं थिएटर. पाचवी रांग. मावशी अकरा नंबरच्या खुर्चीवर. तिच्या डावीकडे, दहा नंबरवर, एक बाई. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.

उजवीकडची बारा नंबरची खुर्ची रिकामी होती.

निदान तिकिटांच्या हिशेबाने तरी...

आधी सिनेमाबद्दल. पंचेचाळीस वर्षांपूर्वी, डिस्कोची लाट आलेली असताना, एका निर्मात्याने चाकांच्या बुटांवरचा सिनेमा काढला. रोलर स्केट्स. गोष्ट अशी की परग्रहावरची राजकन्या वाट चुकून पृथ्वीवर उतरते आणि बंद पडू घातलेला एक स्केटिंग हॉल खलनायकाच्या तावडीतून सोडवते. कसा? नाचून. या सिनेमात सगळेच चाकांवर. नायक चाकांवर, पोलीस चाकांवर, न्यायाधीश निकाल देतो आणि घरंगळत निघून जातो. नायकाच्या आजारी आईची खाटसुद्धा चाकांवर. ऐन दुःखाच्या प्रसंगात ती उतारावरून सुटते आणि नायक गाणं म्हणत मागे धावतो.

चौथ्या दिवशी सिनेमा उतरला.

आता मात्र त्याचे दिवस पालटलेत. तो वाईट आहे म्हणूनच हल्लीची पोरं तो बघतात. अंगाला चंदेरी कागद गुंडाळून येतात, संवाद पाठ म्हणतात. खाट सुटली की सगळं थिएटर एका सुरात ओरडतं, "आई, ब्रेक!"

मावशी त्या सिनेमात होती. एकोणीस वर्षांची. शेवटच्या गाण्यात सात मुलींची साखळी आहे, त्यातली सहावी.

साखळी म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. सातजणी एका ओळीत हात धरतात. पहिली जागेवर उभी राहून गिरकी घेते, बाकीच्या तिच्याभोवती घड्याळाच्या काट्यासारख्या फिरतात. आतली सावकाश, बाहेरची वाऱ्यासारखी. सातवीचे तर पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटतं.

म्हणून एक नियम होता. तळहात धरायचा नाही, घामाने निसटतो. मनगट धरायचं. मी तुझं, तू माझं. एकीची पकड ढिली पडली तरी दुसरीची क्षणभर टिकते, तेवढ्यात आतून वेग कमी करायचा. दोघींनी सोडायचं ठरवलं असेल तर सातवी आधीच अंग तोलून घेते आणि सरळ रेषेत सुखरूप निघून जाते. ठरवलं नसेल तर...

तर नियम मोडायचा नाही. बस.

सातवी होती मावशीची जिवाभावाची मैत्रीण. तिला सगळे भिंगरी म्हणत. सहाव्या जागेला जबर बळ लागतं म्हणून तिथे मावशी. तिला सगळे खांब म्हणत.

"खांबाला धरून भिंगरी फिरते," असं भिंगरी हसत म्हणायची. "खांब हलला की मी मेले."

सगळ्यांना शिकवणारे होते मास्तर. पहिल्या मुलीला मधला ताण झेपेना म्हणून ऐनवेळी मास्तरच चंदेरी केसांचा टोप आणि झालरीचा झगा घालून कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे राहिले. सिनेमात पहिल्या मुलीची पोटरी जरा जास्तच दणकट दिसते, ती मास्तरांची.

हे मास्तर म्हणजे माझे काका. मावशीचे यजमान. लग्न त्या सिनेमानंतर आठ महिन्यांनी झालं.

साखळीच्या चित्रीकरणाच्या दिवशी शॉटच्या आधी मास्तर मावशीच्या कानाशी लागले. म्हणाले, "आठव्या फेरीला तू हात सोड. भिंगरीला सांगितलंय मी, ती तयार आहे. बाकीच्यांना कळू देऊ नकोस, उगाच गडबडतील."

मावशीने मान डोलावली. भिंगरीशी बोलायला वेळच नव्हता. दिवे लागले, गाणं सुरू झालं. गाणं इतकं मोठ्याने लावलेलं की शेजारणीचं ओरडणंही ऐकू येत नव्हतं.

फेऱ्या मोजत मोजत मावशीने आठव्या फेरीला बोटं उघडली.

भिंगरी आरशांच्या भिंतीवर गेली. खऱ्या काचेच्या आरशांच्या.

ती हॉस्पिटलपर्यंतही पोहोचली नाही.

चौकशी झाली. त्याआधी मास्तरांनी मावशीला बाजूला घेतलं. ते म्हणाले, "तुझा काही दोष नाही. तिने सातव्या फेरीलाच हात सोडला होता. भाव खायला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आठव्या फेरीचं मात्र कुणाला बोलू नकोस. नसते फाटे फुटतील."

मावशीला खरंच कळलं नव्हतं. हातात कोपरापर्यंत चंदेरी रेक्झिनचे मोजे, डोळ्यांवर दिवे. मनगटावर भिंगरीची पकड होती की नव्हती, कसं कळणार?

तिने जबाब दिला. 'तिने स्वतःहून हात सोडला.'

वर्तमानपत्रात तीन ओळी आल्या. नाचणाऱ्या मुलीचा स्वतःच्या अतिउत्साहाने मृत्यू. विषय संपला. आठवड्याने उरलेल्या सहाजणींवर गाणं पूर्ण झालं. मावशी आता साखळीच्या टोकाला होती. तिने तो सिनेमा कधीच पाहिला नाही.

पंचेचाळीस वर्षांनी तिला एक फोन आला.

फोन करणारी तिशी-पस्तिशीतली मुलगी. जुन्या, खराब झालेल्या फिल्मा दुरुस्त करण्याचं तिचं काम. मावशी तिला पहिल्यापासून रिळवाली म्हणते.

"तुम्ही त्या सातजणींतल्या ना?" रिळवालीने विचारलं.

"सहा," मावशी म्हणाली. "सिनेमात आम्ही सहाजणी आहोत."

"हो, पण एके ठिकाणी सात आहात."

मावशीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

झालं होतं असं की शेवटच्या गाण्याचं रीळ एके ठिकाणी पार कुजलं होतं. रिळवालीला गोदामात एक डबा सापडला. वर खडूने 'बाद' लिहिलेलं. आत त्याच गाण्याचा तुकडा. चार सेकंदांचा. तिने तो त्या कुजलेल्या जागी बसवला. आधी सहा मुली, मग चार सेकंद सात, मग पुन्हा सहा. तिला वाटलं जुन्या सिनेमातला नेहमीचा घोळ असेल. प्रेक्षकांना तर असले घोळ म्हणजे मेजवानी. साखळी आली की ते बोटं नाचवत मोजतात... सहा, सहा, सात, सहा!

"तुम्ही खेळाला याच," रिळवाली म्हणाली. "त्या सातव्या मुलीच्या बहिणीलाही शोधलंय मी."

घरी मास्तर कडाडले.

"कशाला जुनी मढी उकरायला जातेस?"

"तिला एकदा बघायचंय हो."

"काय बघायचंय? चार सेकंद. पाठमोरी असेल."

"तुम्हाला काय माहीत चार सेकंद?"

मास्तर म्हणाले, "तूच म्हणालीस ना मघाशी." आणि उठून आत गेले.

ती तसं म्हणाली नव्हती, असं मावशी आजही सांगते. मास्तरांनी दाराआडून फोन ऐकला असेल, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "असेल."

थिएटरच्या दारात नुसता गोंधळ होता. एकाने डोक्याला भाज्यांची चाळण बांधली होती. दोन मुली चाकांचे बूट घालून तिकिटाच्या रांगेत उभ्या, एकमेकींना धरून. मावशीला पाहून त्यांनी टाळ्याच पिटल्या.

"आजी, तुम्ही खऱ्या परग्रहवासी?"

"खरी," मावशी म्हणाली. "गुडघे मात्र इथलेच."

सगळे हसले. तीही हसली. एवढं हसून तिला बरेच दिवस झाले होते.

मग तिच्यासमोर एक बाई येऊन उभी राहिली. साठीच्या आसपास, हातात कापडी पिशवी. शिवणकाम करून संसार ओढलेल्या बायकांची बोटं असतात तशी बोटं.

"मी तिची धाकटी," ती म्हणाली. "तेव्हा बारा वर्षांची होते. तुम्ही घरी यायचात, माझ्या वेण्या घालायचात."

मावशीने मान हलवली.

"मला एकच विचारायचंय. आमची आई मरेपर्यंत एकच वाक्य घोकत गेली. माझी पोर असली नखरेल नव्हती गं, ती हात सोडणार नाही. लोक म्हणायचे, आईच ती, असंच म्हणणार. तुम्ही तिच्या शेजारी होतात. तिने खरंच हात सोडला का हो?"

मावशी म्हणाली, "सिनेमा संपू दे. मग बोलू."

दोघी शेजारी बसल्या. दहा आणि अकरा. बारा नंबरची खुर्ची रिकामी. त्या थिएटरच्या खुर्च्या जुन्या, स्प्रिंगच्या. माणूस उठलं की बैठक फाटकन वर मिटते. मावशीने पर्स ठेवायला बाराची बैठक खाली दाबली. पर्ससकट ती वर उडाली. मावशीने पर्स मांडीवर घेतली.

सिनेमा सुरू झाला. राजकन्या उतरली, पोलीस घरंगळले, खाट सुटली. "आई, ब्रेक!" अख्खं थिएटर ओरडलं. धाकटीसुद्धा तोंडावर पदर धरून हसली.

शेवटचं गाणं सुरू झालं.

आणि मावशीच्या कानावर एक आवाज आला...

टक.

टक... टक...

गाण्याच्या ठेक्यात न बसणारा.

तिने तो लगेच ओळखला. भिंगरीच्या डाव्या बुटाच्या मागच्या चाकातल्या बेअरिंगची एक गोळी निसटली होती. चाक फिरलं की टक व्हायचं. तिने मास्तरांना सांगितलंही होतं. ते म्हणाले होते, हा शॉट होऊ दे, मग बघू.

पण असल्या गाण्यांचं चित्रीकरण करताना आवाज घेतच नाहीत. रेकॉर्ड लावायची, त्यावर नाचायचं. चाकांची घरघर नंतर स्टुडिओत कुणीतरी खेळण्यातली गाडी फळीवर फिरवून भरतं. भिंगरीच्या चाकाचा आवाज कुठल्याच रिळावर, कुठल्याच टेपवर असणं शक्य नव्हतं.

टक... टक... टक...

जवळ येत होता. पडद्याकडून नव्हे. मागच्या दारातून, उताराच्या वाटेने, रांगांच्या कडेकडेने...

मावशीने मान वळवली नाही. वळवता आली नाही, असं ती म्हणते.

आवाज पाचव्या रांगेशी थांबला.

आणि बारा नंबरची बैठक खाली गेली.

सावकाश. कुणी अंग सावरून बसावं तशी.

ती परत वर आली नाही...

पडद्यावर साखळी आली. पोरं मोजायला लागली. "सहा! सहा!"

"सात!"

त्या 'सात'नंतर आवाज गेला. गाणं नाही. पोरांचा ओरडा नाही. टकटकही नाही. मावशीने शेजारी पाहिलं. धाकटीचे ओठ हलत होते, पुढच्या रांगेतल्या पोरांचे टाळ्या वाजवणारे हात हलत होते. आवाज नव्हता.

पडद्यावर भिंगरी होती. कॅमेरा तिच्या तोंडासमोर. अगदी जवळ. इतका जवळ कशाला लावला असेल, हा प्रश्न मावशीला तेव्हा पहिल्यांदा पडला.

चार सेकंद झाले. दृश्य बदललं नाही.

दहा सेकंद. वीस.

साखळी फिरत होती. एका टोकाला चंदेरी केसांचा टोप दिसत होता, पाठमोरा. मास्तर साखळीच्या उलट दिशेला तोंड करून, मान खाली घालून, टाचेवर गिरकी घेत होते. मावशीने ते नीट पाहिलं. सातव्या फेरीला त्यांची मान खालीच होती. आठव्यालाही.

त्यांना भिंगरी दिसणंच शक्य नव्हतं.

मग पडद्यावर दोन मनगटं आली. चंदेरी मोजे. भिंगरीची पाचही बोटं मावशीच्या मनगटावर घट्ट होती. सातव्या फेरीला घट्ट. आठव्याला घट्ट.

आणि मावशीची बोटं उघडली.

एकेक करून.

भिंगरीने त्या उघड्या बोटांकडे पाहिलं. मग मावशीच्या तोंडाकडे. तिचा चेहरा घाबरलेला नव्हता. जवळच्या माणसाने भर रस्त्यात ओळख दाखवली नाही की होतो, तसा होता.

तिचे ओठ हलले.

आवाज पडद्याकडून आला नाही. उजव्या कानाशी आला. बारा नंबरवरून...

"मला का नाही सांगितलंस गं?"

फाटकन बैठक वर मिटली.

गाणं परत कानावर आदळलं. पडद्यावर सहा मुली. पोरं "सहा!" म्हणून खिदळत होती.

दिवे लागल्यावर धाकटीने सगळ्यात आधी विचारलं, "तुमच्या पलीकडे कोण येऊन बसलं होतं?"

"कोणी नाही."

"असं कसं? खुर्ची खाली होती की. मी म्हटलं, उशिरा आलंय कुणीतरी."

धाकटीने हे मलाही सांगितलं, शपथेवर. माणूस मात्र तिला दिसलं नव्हतं. मध्ये मावशी होती आणि धाकटीची नजर पडद्यावर. ते दृश्य तिच्या लेखी चार सेकंदच चाललं. तिला बहिणीचा चेहरा ओळखूही आला नाही, इतक्या भरकन गेला.

मावशीने रिळवालीला गाठलं. वरच्या मजल्यावरच्या खोलीत जाऊन तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. रिळवालीने लावला. थांबवत थांबवत दाखवला. शहाण्णव चित्रं. चार सेकंद. शेवटच्या चित्रात भिंगरी हसते आहे. मनगटं चौकटीत येतच नाहीत.

"याच्या पुढचं?"

"पुढचं नाहीच. इथे कात्रीने कापलंय. हे बघा, पट्टीची कड सरळ आहे."

"कापलेलं कुठे असेल?"

"अहो, पंचेचाळीस वर्षं झाली," रिळवाली म्हणाली. "तुम्हाला बरं वाटत नाहीये का? पाणी आणू?"

खाली धाकटी थांबली होती. मावशी तिला म्हणाली, "उद्या सकाळी तुमच्याकडे येते. त्याआधी घरी एकाला विचारायचंय."

घरी मास्तर खिडकीशी वर्तमानपत्र पसरून पायाची नखं कापत बसले होते. वर न बघता म्हणाले, "झाला का तमाशा?"

"तुम्ही भिंगरीला सांगितलं होतं का?"

"काय?"

"आठव्या फेरीचं."

नखाचा एक तुकडा उडून फरशीवर पडला. मास्तरांनी तो वाकून उचलला, कागदावर ठेवला.

"कुणी भरवलं तुला?"

"तिनेच विचारलं मला."

"कुणी?"

"भिंगरीने."

मास्तर हसायला गेले. मावशीचं तोंड पाहून थांबले.

"चहा टाक," ते म्हणाले.

"टाकणार नाही. सांगितलं होतं का?"

मग ते बोलले. वैतागून. पोर तेच तेच विचारतं तेव्हा बोलावं तसं.

"सांगितलं असतं तर आधीच सावध झाली असती. दिग्दर्शकाला चेहरा खराखुरा दचकलेला हवा होता. म्हणून तर कॅमेरा तोंडासमोर लावला. मला वाटलं, सावरेल. तुम्हां सगळ्यांत चांगली तीच होती."

"आणि तुम्ही डोळ्यांनी पाहिलं?"

"कुणीतरी पाहिलेलं असायला नको का? चौकशीवाले दारात उभे होते. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

"तिच्या आईला पडला."

मास्तरांनी कागदावरची नखं एका जागी सारली.

मावशीने विचारलं, आणि हे विचारेपर्यंत तिच्या मनातही ते कधी आलं नव्हतं, असं ती म्हणते. "तुम्हां दोघांखेरीज आठव्या फेरीचं माहीत असलेलं माणूस एकच होतं. मी. म्हणून केलंत का हो माझ्याशी लग्न?"

मास्तरांनी दुसरा पाय वर घेतला आणि करंगळीचं नख कापायला लागले.

कट.

कट.

पंचेचाळीस वर्षांच्या संसाराचं उत्तर तिला त्या आवाजात मिळालं. दोन साड्या पिशवीत घालून ती माझ्याकडे आली.

सकाळी मी तिला धाकटीकडे घेऊन गेलो. एका खोलीचं घर, मशीनवर अर्धवट शिवलेली शाळेच्या गणवेशाची कापडं. मावशीने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. आपण हात सोडला, तिने सोडला नव्हता. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आपण खोटा जबाब दिला, खरा समजून दिला, पण चौकशी न करता दिला.

धाकटी ऐकत होती. हातातलं कापड तिने सोडलं नाही.

"एक सांगा," ती शेवटी म्हणाली. "इतकी वर्षं एका घरात होतात. एकदाही विचारावंसं वाटलं नाही त्याला?"



"वाटलं," मावशी म्हणाली. "उत्तराची भीती वाटली."

"हं."

धाकटीने तिला पाणी विचारलं नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. एक कोरा कागद पुढे ठेवला. "हे सगळं तुमच्या हाताने लिहून द्या. आणि त्याच थिएटरात वाचा. त्याच लोकांसमोर."

पुढच्या गुरुवारी मावशीने ते वाचलं. चंदेरी कागद गुंडाळलेली दीडशे पोरं तोंडं मिटून बसली होती. कुणीतरी डोक्यावरची चाळण काढून मांडीवर ठेवली. त्या खेळाला साखळी आली तेव्हा कुणी मोजलं नाही. धाकटी पहिल्या रांगेत होती. वाचून झाल्यावर ती उठली, मावशीच्या हातातून कागद घेतला, घडी करून पिशवीत घातला आणि निघून गेली. आईच्या फोटोमागे ठेवला, असं नंतर कळलं.

मावशी आता आमच्याकडेच असते. त्या दिवसानंतर तिला काही ऐकू आलेलं नाही, काही दिसलेलं नाही.

एकदा मी तिला विचारलं, "भीती नाही वाटत तुला? तिची?"

"तिची कशाला वाटेल? ती एक प्रश्न विचारायला आली होती. विचारून गेली."

मीही तसंच समजत होतो.

गेल्या मंगळवारी, दुपारी अडीचच्या सुमारास, काकांचा फोन आला. मावशी माझ्या मागेच बसून भाजी निवडत होती. काका आता त्या घरात एकटे असतात. कामाला येणारी बाई सकाळी नऊला जाते, दुसऱ्या दिवशीच येते. याची मी नंतर त्या बाईला विचारून खात्री करून घेतली.

"मावशीला दे," काका म्हणाले.

"ती बोलणार नाही, काका."

"मग तू तरी समजाव हिला."

"मावशीला?"

"नाही रे. हिला." आवाज अगदी खाली गेला होता. "सारखं एकच विचारते. मी सांगितलं एकदा, दोनदा सांगितलं... ऐकतच नाही."

"काका, कोण आहे तिथे?"

ते माझ्याशी बोलले नाहीत. फोन तोंडापासून दूर धरून कुणाला तरी म्हणाले, आणि इतक्या अजिजीने बोलताना मी त्यांना आयुष्यात कधी ऐकलेलं नाही...

"थांब ना गं. बोलतोय ना मी त्याच्याशी."

फोन बंद झाला.

"कुणाचा रे?" मावशीने विचारलं.

"ऑफिसचा," मी म्हणालो.

ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग पुन्हा भाजी निवडायला लागली.